कानामागे इजा, मस्तिष्कस्तंभात उलथापालथ

चेहऱ्याचा लकवा होऊन सहा-आठ महिने झालेला माणूस तपासणीला येतो तेव्हा त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो. ‘डॉक्टर, नस पुन्हा वाढली असं तुम्हीच म्हणता, मग तोंड पहिल्यासारखं का होत नाही?’ भाकरीचा घास चावायला लागलं की त्या बाजूचा डोळा बारीक होतो. फोटोसाठी हसायला जावं तर मानेपर्यंतची कातडी ताणली जाते. डोळे घट्ट मिटले की ओठाचा कोपरा आपोआप वर सरकतो. पहिल्या महिन्यात चेहरा हलत नाही ही तक्रार होती. आता तो हलतो, पण नको तिथे आणि नको तेव्हा.

यावर नेहमी असं सांगितलं जातं, की नस म्हणजे विजेची तार. ती तुटली, पुन्हा जोडली गेली, पण जोडताना काही टोकं चुकली. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. तार तुटली म्हणून वीजकेंद्राच्या आतली यंत्रं बदलत नाहीत. चेहऱ्याच्या नसेत मात्र नेमकं तेच घडतं. इजा होते कानामागच्या हाडात किंवा गालात. तिथून काही सेंटिमीटर आत, मेंदूच्या बुडाशी, ज्या चेतापेशींपासून ही नस निघते त्या पेशींचं रूप बदलतं, रसायन बदलतं, शेजारच्या पेशींशी असलेलं नातं बदलतं आणि विजेचे संदेश सोडण्याची रीतही बदलते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञ या बदलाचा माग काढत आले आहेत. लकव्यानंतर चेहरा असा का वागतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी तिथे आहे, आणि ते रुग्णापर्यंत फारसं पोचत नाही याची मला खंत वाटते.

मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या जाड भागाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास, गिळणं, हृदयाची गती, डोळ्यांच्या हालचाली यांची सूत्रं इथे असतात. त्याच्या मधल्या भागाचं नाव पॉन्स. पॉन्सच्या खालच्या टोकाशी डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे चेतापेशींचे दोन पुंजके आहेत. हीच चेहऱ्याच्या नसेची केंद्रकं. इथल्या प्रत्येक पेशीतून एक लांब तंतू निघतो आणि थेट चेहऱ्याच्या स्नायूत जाऊन संपतो. वाट मात्र सरळ नाही. तंतू आधी मागे जातात, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या सहाव्या नसेच्या केंद्रकाला वळसा घालतात, आणि मग मस्तिष्कस्तंभातून बाहेर पडतात. पुढे कानाच्या हाडातला एक वळणावळणाचा बोगदा लागतो. सोळाव्या शतकातले इटालियन शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फॅलोपियो यांचं नाव त्याला दिलेलं आहे. या बोगद्याचा सर्वांत अरुंद भाग एका मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा असतो. नसेला थोडी जरी सूज आली तरी ती इथे आवळली जाते. बोगदा संपला की नस कानाच्या पाळीखाली बाहेर येते, लाळेच्या मोठ्या ग्रंथीतून जाते आणि पाच शाखांमध्ये फुटून कपाळापासून मानेपर्यंत पसरते. एका नसेत ढोबळमानाने 10,000 तंतू असतात. त्यातले 7,000च्या आसपास स्नायूंकडे जातात. उरलेले चव, अश्रू आणि लाळ यांच्या कामाचे.

इजा अनेक तऱ्हांनी होते. सर्वांत जास्त आढळतो तो बेल्स पाल्सी. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये या नसेवरचं आपलं काम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, म्हणून त्यांचं नाव. दर लाख माणसांमागे वर्षाला साधारण 20 ते 30 जणांना तो होतो. हर्पीसचा विषाणू नसेत जागा होऊन सूज आणतो, असं बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत मानलं जातं. आपल्याकडे थंड हवेतल्या प्रवासानंतर तोंड वाकडं झालं की ‘वारं लागलं’ म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच आजार. याशिवाय अपघातात कवटीचं हाड मोडणं, कान सडणं, लाळग्रंथीच्या गाठीची शस्त्रक्रिया. कुष्ठरोगाचे जंतूही गालाच्या हाडावरून जाणाऱ्या शाखेला इजा करतात आणि पापणी मिटेनाशी होते. कारण कोणतंही असो, तंतू तुटला किंवा चिरडला गेला की त्याची बातमी केंद्रकातल्या पेशीपर्यंत जाते.

पेशी वर्दी कशी ओळखते, हे समजायला बराच काळ गेला. वाटा किमान दोन आहेत. स्नायूंकडून आणि तंतूभोवतीच्या पेशींकडून काही पोषक रेणू तंतूच्या आतून सतत उलट दिशेने पेशीकडे येत असतात. तंतू तुटला की हा पुरवठा थांबतो, आणि तो थांबणं हाच एक संदेश ठरतो. दुसरीकडे, तुटलेल्या टोकातून आत कॅल्शियम शिरतं आणि तिथे तयार झालेली काही प्रथिनं तंतूतून पेशीच्या गाभ्यापर्यंत वाहून नेली जातात. एरवी निद्रिस्त असलेली जनुकं त्यामुळे चालू होतात.

हा बदल डोळ्यांनी पाहिला तो फ्रान्झ निस्ल यांनी. चेतापेशी रंगवण्याची त्यांची पद्धत आजही प्रयोगशाळांमध्ये रोज वापरली जाते. 1892 मध्ये फ्रँकफर्टला असताना त्यांनी सशाची चेहऱ्याची नस उपटून काढली आणि मग मस्तिष्कस्तंभाचे पातळ काप करून रंगवले. निरोगी बाजूच्या केंद्रकातली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोठी, अनेक कोनांची दिसते. तिच्या पोटात गडद निळ्या-जांभळ्या ढेकळांची गर्दी असते आणि मधोमध फिकट गोल गाभा. नस उपटलेल्या बाजूला हीच पेशी फुगून गोलसर झालेली होती. ढेकळं विरून बारीक धूळ झाली होती, आणि गाभा मधली जागा सोडून कडेला सरकला होता. निस्ल यांचं मोठेपण असं, की पेशी मरायला लागली आहे असं त्यांनी मानलं नाही. हे प्राथमिक उद्दीपन आहे, पेशी कशाला तरी प्रतिसाद देते आहे, असं त्यांनी म्हटलं.

ते बरोबर होतं. ती ढेकळं म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचे थर. ते विरतात कारण पेशीचं उत्पादन बदलतं. स्नायूला आदेश देण्यासाठी अॅसिटिलकोलीन हे रसायन लागतं. ते बनवणाऱ्या विकराचं प्रमाण घटतं. उलट तंतू नव्याने वाढवण्यासाठी लागणारी प्रथिनं, जीएपी-43 सारखी, भराभर तयार होऊ लागतात. थोडक्यात, स्नायू हलवण्याचं काम बाजूला ठेवून पेशी वाढीच्या कामाला लागते. लकव्याच्या पहिल्या आठवड्यांत चेहरा निश्चल असतो तेव्हा मस्तिष्कस्तंभात जोरात काम चाललेलं असतं, ते हे.

वय इथे फार महत्त्वाचं ठरतं. प्रौढ उंदराची नस कापली तर केंद्रकातल्या बहुतेक पेशी टिकतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची कापली तर बहुतांश पेशी काही दिवसांत मरतात, कारण त्या वयात त्या स्नायूकडून येणाऱ्या पोषणावर पूर्ण अवलंबून असतात. 1990 मध्ये मायकेल झेंटनर, गेऑर्ग क्रॉइट्झबर्ग आणि हान्स थोनेन यांनी नवजात उंदरांच्या कापलेल्या नसेच्या टोकाला सीएनटीएफ हे पोषक प्रथिन लावलं, आणि त्या पेशी मरणातून वाचल्या. पेशीला तंतूच्या टोकाकडून काय हवं असतं, याचा हा थेट पुरावा होता.

क्रॉइट्झबर्ग यांचं नाव या विषयात पुन्हा पुन्हा येतं. म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेत त्यांनी चेहऱ्याच्या केंद्रकावर आयुष्यभर काम केलं. त्यांचा सर्वांत गाजलेला शोध 1968चा, सहकारी ब्लिन्झिंगर यांच्यासोबतचा. तो समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. केंद्रकातली पेशी एकटी बसून आदेश देत नसते. तिच्या अंगावर इतर चेतापेशींच्या हजारो टोकांची जोडणी असते. डोळ्यात कण गेल्याची खबर पाचव्या नसेकडून येते. दचकवणाऱ्या आवाजाची खबर कानाकडून येते, श्वासाबरोबर नाकपुडी फुलवण्याची सूचना श्वसनकेंद्राकडून येते, आणि हसण्या-रडण्याची भावनांच्या जाळ्यातून. मोठ्या मेंदूतून जाणीवपूर्वक आदेश येतात ते वेगळेच. यातली काही टोकं पेशीला उत्तेजित करतात, काही आवरतात. या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी होऊन पेशी संदेश सोडायचा की नाही ते ठरतं.

नस कापल्यावर या जोडण्यांचं काय होतं, ते ब्लिन्झिंगर आणि क्रॉइट्झबर्ग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. संसर्ग आणि इजा यांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. इजा झालेल्या बाजूच्या केंद्रकात दोन-तीन दिवसांतच त्या झपाट्याने वाढल्या. मग जखमी चेतापेशीला चिकटून बसल्या आणि तिच्या पृष्ठभागावरची टोकं उचकटून त्यांच्या आणि पेशीच्या मध्ये शिरल्या. चेतापेशीचा बराच पृष्ठभाग जोडण्यांविना उघडा पडला. काही आठवड्यांनी अॅस्ट्रोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे पातळ पदर तिच्याभोवती गुंडाळले गेले.

मायक्रोग्लियाच जोडण्या तोडतात, की तुटत चाललेल्या जागी त्या फक्त जाऊन बसतात, यावर पुढे बराच वाद झाला. स्वीडनमध्ये मिकाएल स्वेन्सन आणि होकान आल्डस्कोगियस यांनी 1993 मध्ये औषध देऊन मायक्रोग्लियांची वाढ रोखली. तरीही जिभेच्या नसेच्या पेशींवरची टोकं सुटायची ती सुटलीच. मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं, कारण पाठ्यपुस्तकांत मायक्रोग्लियांची जी एकमार्गी कथा सांगितली जाते तिला तो आवर घालतो. जखमी चेतापेशी स्वतःच आपल्या जोडण्या सैल करते, असं मानायला त्यातून जागा राहते. सुटणाऱ्या टोकांमध्ये उत्तेजक टोकांचं प्रमाण जास्त असतं, हे मज्जारज्जूतल्या पेशींवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. तंतू वाढवण्याच्या काळात पेशीवर कामाचा ताण कमी पडावा, अशी ही व्यवस्था असावी. पण तंतू स्नायूपर्यंत पोचल्यावर ही टोकं परत येतात तेव्हा सगळी येत नाहीत, आणि आली तरी जुन्याच जागी येतील असं नाही.

आता मुख्य मुद्दा. इतके बदल झाल्यावर पेशी कमी संदेश सोडते की जास्त? सरळ तर्काने उत्तर ‘कमी’ असं येतं. उत्तेजक टोकं गळली, तर ती शांत व्हायला हवी. 1958 मध्ये जॉन एकल्स, बेंजामिन लिबेट आणि आर. आर. यंग यांनी ऑस्ट्रेलियात मांजराच्या मज्जारज्जूतल्या अशाच जखमी पेशींमध्ये बारीक इलेक्ट्रोड खुपसून वीज मोजली. एका संवेदी तंतूकडून येणारा थेट उत्तेजक संदेश खरोखरच क्षीण झाला होता. पण पेशी मात्र चटकन पेट घेणारी झाली होती. नेहमीपेक्षा कमी उत्तेजनाला ती प्रतिसाद देत होती, आणि एरवी फक्त संदेश गोळा करणाऱ्या तिच्या आखूड फांद्यांमध्येही विजेचे छोटे झटके उठत होते. मिळणारी सूचना कमी, पण मिळेल त्या सूचनेवर उसळून उठण्याची तयारी जास्त, अशी ती विचित्र अवस्था.

त्यात आणखी एक भर पडते. गाबा हे मेंदूतलं मुख्य आवर घालणारं रसायन. ते आवर घालू शकतं, कारण चेतापेशीच्या आत क्लोराइडचं प्रमाण कमी ठेवलेलं असतं. गाबामुळे दार उघडलं की क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. क्लोराइड सतत बाहेर फेकणारा केसीसी2 नावाचा एक पंप असतो. जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं, की व्हेगस नसेच्या पेशींचे तंतू तोडले की हा पंप कमी होतो, पेशीत क्लोराइड साठतं, आणि मग तेच गाबा पेशीला आवरण्याऐवजी उत्तेजित करू लागतं. पुढे उंदरांच्या चेहऱ्याच्या केंद्रकातही नस जखमी झाल्यावर हा पंप घटलेला आढळला. ही अवस्था कच्च्या, वाढीच्या वयातल्या चेतापेशींची असते. जखमी पेशी वाढीच्या कामासाठी जणू आपल्या लहानपणात परत जाते.

इकडे तुटलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढत असतो. कानाजवळून ओठापर्यंत पोचायला तीन-चार महिने लागतात, ते यामुळे. नस नुसती दबली असेल आणि तंतू तुटले नसतील, तर काही आठवड्यांत सगळं सुरळीत होतं. बेल्स पाल्सीच्या बहुतेक रुग्णांचं असंच होतं. औषध न घेताही सुमारे 70 टक्के पूर्ण बरे होतात. तंतू तुटलेले असले की मात्र प्रत्येकाला एकाऐवजी अनेक फाटे फुटतात आणि ते वाट मिळेल त्या नळीत शिरतात. पूर्वी फक्त पापणीकडे जाणारी पेशी आता पापणी आणि ओठ दोन्हीकडे तंतू पाठवून बसते. केंद्रकात प्रत्येक स्नायूच्या पेशी आपापल्या गटाने राहतात. कपाळाच्या गटाला मोठ्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळतात, म्हणूनच पक्षाघातात कपाळावर आठ्या पडतात आणि नसेच्या लकव्यात पडत नाहीत. फाटे फुटल्यावर गटांची ही शिस्त मोडते. ओठाच्या स्नायूला जोडलेल्या पेशी शोधल्या तर त्या केंद्रकभर विखुरलेल्या सापडतात. लाळेचे तंतू अश्रुग्रंथीत गेले तर जेवताना डोळ्यातून धारा लागतात. रशियन डॉक्टर बोगोराद यांनी 1928 मध्ये त्याचं वर्णन केलं.

भाकरी चावताना डोळा मिटण्याचा प्रकार चुकलेल्या फाट्यांनी बराचसा उलगडतो. पण सगळा उलगडत नाही. पापणीची उघडझाप ही त्याची साक्ष देते. भुवईच्या वर कातडीला हलका विजेचा झटका दिला की दोन प्रतिसाद नोंदवता येतात. पहिला त्याच बाजूला, साधारण 10 मिलिसेकंदांनी. दुसरा दोन्ही डोळ्यांत, सुमारे 30 मिलिसेकंदांनी. स्वीडनचे एरिक कुगेलबर्ग यांनी 1952 मध्ये हे दोन वेगळे केले. दुसरा प्रतिसाद मस्तिष्कस्तंभातल्या अनेक पेशींच्या साखळीतून येतो. एरवी लागोपाठ दोन झटके दिले तर दुसऱ्या झटक्याला तो दबलेला असतो. ज्यांच्या चेहऱ्यात कमजोरी उरली आहे अशा लोकांमध्ये तो लवकर आणि जोरात उमटतो, निरोगी बाजूलाही. निरोगी बाजूची नस तर कधी दुखावलेलीच नव्हती. म्हणजे बदल तारेत नाही, आतल्या जाळ्यात आहे. डोळा नीट मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, म्हणून मस्तिष्कस्तंभ डोळे मिटण्याच्या सगळ्या यंत्रणेचा जोर वाढवतो. दुबळी बाजू त्याला साथ देऊ शकत नाही, आणि निरोगी बाजूचा डोळा गरजेपेक्षा जोरात मिटू लागतो.

काही जणांत हा जोर इतका वाढतो, की निरोगी बाजूचा डोळा घट्ट मिटून राहतो आणि दिसणं मुश्कील होतं. 1996 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाच्या लकवा झालेल्या पापणीत सोन्याचं छोटं वजन बसवलं. वजनाने ती पापणी मिटू लागली, बुबुळ ओलं राहू लागलं, आणि दुसऱ्या डोळ्याची आचकी ओसरली. हे वाचताना मला फार आनंद झाला होता. एका बाजूची पापणी नुसती मिटायला मदत केली आणि मस्तिष्कस्तंभाने वाढवलेला जोर दुसऱ्या बाजूला उतरला! पुढच्याच वर्षी क्रेग एव्हिंगर यांच्या गटाने उंदरांवर याची दुसरी बाजू दाखवली. डोळा मिटवणाऱ्या स्नायूकडे जाणारी शाखा कापली तर उंदीर जुळवून घेतो. मेंदूत डोपामिन थोडं कमी केलं तरी फारसं काही दिसत नाही. दोन्ही एकत्र केलं की मात्र डोळे आचके देत मिटू लागतात. नसेच्या इजेनंतर जुळवून घेण्याची प्रक्रिया सुरू होते, पण आधीच कमकुवत असलेल्या मेंदूत ती हाताबाहेर जाते.

चेहऱ्याच्या एका बाजूची आचकी, म्हणजे हेमिफेशियल स्पाझम, हा आणखी वेगळा आजार. मस्तिष्कस्तंभातून नस बाहेर पडते तिथेच एखादी रक्तवाहिनी तिला घासत राहते. डोळ्याजवळ सुरू झालेली फडफड हळूहळू गालापर्यंत उतरते. पिट्सबर्गला पीटर जॅनेटा शस्त्रक्रिया करून ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करत. त्यांचे सहकारी ओगे मोलर यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच नसेची वीज मोजली. एका शाखेला झटका दिला तर दुसऱ्या शाखेच्या स्नायूतही प्रतिसाद येत होता, आणि रक्तवाहिनी उचलताच तो थांबत होता. घासल्या गेलेल्या जागी एका तंतूतली वीज शेजारच्या तंतूत गळते, असं तोवर मानलं जाई. 1984 मध्ये त्यांनी वेळा मोजून सांगितलं, की प्रतिसाद यायला लागणारा वेळ त्या हिशेबात बसत नाही. संदेश केंद्रकापर्यंत जाऊन परत येत असला पाहिजे. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण सततच्या चिथावणीने केंद्रकातल्या पेशी अतिसंवेदनशील होतात हे मत आता बळकट झालं आहे, आणि मलाही ते पटतं.

मोठ्या मेंदूपर्यंतही हे हादरे जातात. 1988 मध्ये जेरोम सेन्स आणि जॉन डोनह्यू यांनी उंदराची चेहऱ्याची नस कापली. काही तासांतच मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे कॉर्टेक्समधल्या, मिशा हलवणाऱ्या भागाला विजेचा झटका दिला की पुढचा पाय हलू लागला.

उपचारांकडे यातून वेगळ्या नजरेने पाहता येतं. बेल्स पाल्सीत पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन सुरू करावं; तंतू तुटण्याआधीच सूज उतरवणं हा त्याचा हेतू. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी 94.4 टक्के लोक नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेणाऱ्यांपैकी 81.6 टक्के. डोळ्यात थेंब टाकणं आणि रात्री पापणी चिकटपट्टीने मिटवून ठेवणं बुबुळ वाचवतं, आणि वरचे प्रयोग पाहता मस्तिष्कस्तंभाला दिलेली उघड्या डोळ्याची तक्रारही कमी होत असावी.

त्यानंतर येतो व्यायाम. आपल्याकडे अजूनही लकवा झालेल्या माणसाला फुगे फुगवायला, च्युइंगगम चघळायला सांगतात, जोरजोरात तोंड हलवायला लावतात, करंटचा शेक देतात. मला हे चुकीचं वाटतं. चटकन पेट घेणाऱ्या, अनेक स्नायूंना जोडल्या गेलेल्या पेशींना जोराचा आदेश दिला तर सगळं एकदम आकसतं, आणि तीच सवय पक्की होते. कोलोनच्या डॉयचिन अँगेलॉव्ह यांच्या गटाने 2007 मध्ये उंदरांची नस कापून शिवली आणि दोन महिने रोज पाच मिनिटं त्यांच्या मिशांना हाताने हलवत मालिश केलं. या उंदरांच्या मिशा पूर्वीसारख्या फिरू लागल्या. चुकलेले फाटे तसेच होते. पण एका स्नायुतंतूवर अनेक तंतू येऊन बसण्याचं प्रमाण घटलं होतं. चेहऱ्याची स्पर्शसंवेदना नेणारी पाचवी नसही कापली तेव्हा मालिशचा फायदा राहिला नाही. चेहऱ्याच्या स्नायूंमध्ये ताण मोजणाऱ्या ग्राहकपेशी जवळपास नसतात, म्हणून केंद्रकाला आपला आदेश कुठे पोचला हे कळण्याची वाट बहुतांश कातडीच्या स्पर्शातूनच जाते. त्याच गटाने पुढे लकवा झालेल्या स्नायूंना करंट देऊन पाहिला, तर उंदरांमध्ये उपयोग तर झाला नाहीच, उलट स्नायूंची जोडणी कमी झाली.

माणसांमध्ये आता चांगले फिजिओथेरपिस्ट आरशासमोर बसवून अगदी बारीक हालचाली करून घेतात. ओठाचा कोपरा जेमतेम हलवायचा, आणि त्या वेळी डोळा मऊ, उघडा ठेवायचा. डोळा मिटायला लागला की तिथेच थांबायचं. निरोगी बाजू जास्त ओढत असेल तर तिलाही सैल करायला शिकवतात. ज्यांचा डोळा तरीही मिटतच राहतो त्यांना पापणीभोवती बोट्युलिनम टॉक्सिनची बारीक इंजेक्शनं देतात. काही दिवसांत स्नायू सैल पडतो आणि त्या काळात ओठाची हालचाल वेगळी करायला शिकणं सोपं जातं. परिणाम तीन-चार महिने टिकतो; मग डोळा पुन्हा ओढू लागला तर इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं.